दुसऱ्या दिवसाचा कागद

अप्पांचा शेवटचा फोटो माझ्या मोबाईलवर आला तेव्हा मी नांदेडच्या ऑफिसात पेपरचं तिसरं पान लावत होते. लातूरच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकला होता. खाली एक ओळ होती : बिदरे अप्पा लिंगैक्य झाले, अंत्यदर्शन चारपर्यंत. फोटो धूसर होता, बोट लावल्याशिवाय उघडणार नव्हता. आत काय असणार ते मला ठाऊक होतं. त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. कपाळाला भस्म, गळ्यात हार, पाठीला आधार, आणि सगळं गाव समोर येऊन तोंड बघून जातं. मी बोट लावलं नाही. मेलेल्या माणसाचा फोटो पुढे आला की हात आवरायचा, एवढंच ज्यानं मला सहा वर्षं शिकवलं, त्याच्याच फोटोवर बोट ठेवायला माझं मन होईना.

शिवमूर्ती बिदरे हे आमच्या दैनिकाचे लातूरचे प्रमुख. पेपर छापायचा नांदेडला, मालक नांदेडला, संपादक नांदेडला. लातुरात बसस्थानकासमोर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि अप्पा. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि कानावर पेन्सिल. पानं कॉम्प्युटरवर लागायला लागून जमाना झाला होता, पण पेन्सिल काही उतरली नव्हती. ते सगळ्यांना ‘मालक’ म्हणत. खऱ्या मालकांना, शिपायाला आणि मलासुद्धा. चिडले की मात्र मी ‘सुजाताबाई’ व्हायची. तो ‘बाई’ ऐकला की मी लावलेलं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची.

रोज सकाळी साडेदहाला, ऑफिसात यायच्या आधी, ते बसस्थानकाच्या फाटकापाशी शेखचाचांच्या गाड्यावर एक प्लेट भजी घेत. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, त्यामुळे खात दोनच. त्यांना भज्यांत रस नव्हताच. आज आपलं कोणतं पान भज्यांखाली आलंय ते त्यांना बघायचं असायचं. ऑफिसात आले की सांगत, “मालक, आज तुमचं चौथं पान आलं होतं. हेडिंगवर मिरची ठेवली होती चाचानं. हेडिंगपेक्षा मिरची तिखट होती.” दिवसभर माझा जीव त्या टोमण्यात अडकलेला.

त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. “पेपरचं आयुष्य दोन दिवसांचं. पहिला दिवस डोळ्याचा, दुसरा तेलाचा.” म्हणून कुणी अपघाताचा, खुनाचा, बुडालेल्या माणसाचा फोटो आणला की ते दोनच प्रश्न विचारत. एक, घरी कळलंय का? दोन, हा भज्याखाली चालंल का? दुसऱ्या प्रश्नाला आजवर कुणी ‘हो’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. लातूरच्या पानांवर मेलेल्याचं तोंड कधी आलं नाही, आणि त्यामुळे इतर पेपरांपुढे आम्ही मागे पडतो म्हणून नांदेडहून बोलणी मात्र येत राहिली.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. मी मूळची अहमदपूरची. गावाजवळ टेम्पो उलटला आणि दोन माणसं गेली. फोटोंतून मी मोठ्या शहाणपणानं एक निवडला : रस्ता, काचा आणि एक चप्पल. अप्पांपुढे ठेवला आणि वर मीच म्हणाले, “एकही चेहरा नाही, अप्पा.”

अप्पांनी चष्मा वर केला. “घरी कळलंय का?”

“पोलिसांनी कळवलं असेल.”

“असेल म्हंजे? सुजाताबाई, ही चप्पल बगा. अंगठ्याला तांबडा दोरा शिवलाय. कुनी शिवला असंल?” मी फोटो जवळ घेऊन दोरा बघितला. “जिनं शिवला तिला तोंड कामून पाहिजे? दोऱ्यावरनं वळखती ती. तोंड झाकलं की मानूस झाकला वाटतंय का तुमाला?”

मग त्यांनी तासभर फोन फिरवले. शेवटी एक भाऊ सापडला. घरी कुणालाच काही कळलं नव्हतं. अप्पा खुर्चीतून उठले, टेबलाखाली चपला काढल्या आणि अनवाणी उभं राहून त्यांनी त्या माणसाला खबर दिली. पुढे मी हे कितीदा पाहिलं. मरणाची खबर फोनवर द्यायची तरी ते बसून, पायांत चपला घालून देत नसत. समोरच्याला कुठं दिसतंय, असं एकदा मी म्हणाले. “मला दिसतंय न्हवं,” एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला भूकंपाचं सांगितलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्र्याण्णवला ते चोवीस वर्षांचे, कॅमेरा उसना. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात ढिगाऱ्यातून काढलेल्या एका लहान मुलीचा फोटो त्यांनी घेतला. पहिल्या पानावर छापून आला, नाव झालं. मुलीचा बाप कामासाठी परमुलखात होता. त्याला निरोप गेला होता की पोरगी सोलापूरच्या दवाखान्यात आहे. गावाकडे येताना तो अहमदपूरच्या स्टँडवर उतरला, भूक लागली म्हणून भजी घेतली. भजी संपली आणि खाली पोरगी होती.

“दोन दिसांनी हापिसात आला,” अप्पा म्हणाले. “मला वाटलं मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं कागद फुडं केला. तेलानं पार आरपार झालता. म्हनला, साहेब, ह्याच्यातला बिनतेलाचा हाय का एखादा? घर गेलं, फोटो गेले. दुसरा न्हाई म्हनला.”

रोल एसटीच्या पार्सलनं नांदेडला गेला होता. अप्पा दोनदा नांदेडला जाऊन पाकिटं उपसून आले. निगेटिव्ह सापडली नाही. त्या दिवसापासून हा नियम. मी ऐकून घेतलं, पण मनात एक गोष्ट खटकत राहिली. तो बाप, फोटो का छापलात, असं विचारायला आला नव्हता. तो स्वच्छ प्रत मागायला आला होता. हे अप्पांना सांगायची माझी छाती झाली नाही.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी भांडायची. परदेशातल्या युद्धांचे फोटो नांदेडचं डेस्क लावायचं, त्यावर अप्पांचं काही चालत नसे. तिकडची मेलेली माणसं देश-विदेश पानावर येत, आणि शेखचाचांच्या गाड्यावर असा कागद पुढे आला की अप्पा तो पालथा घालत. मी म्हणायची, “अप्पा, टीव्हीवर युद्ध म्हणजे नुसते बाण आणि नकाशे. लोकांना वाटतं दिवाळीच चाललीय. मेलेला माणूस दाखवला नाही तर त्यांना कळणार कसं?” ते म्हणत, “दाखवा की. पन त्येंच्या घरी कोन इचारायचं?” वाद तिथेच थांबायचा. आपल्या लेखी ते युद्ध कुठल्या तरी दुसऱ्यांचं होतं.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो सोमवार आला. नांदेडला बदलीची ऑर्डर माझ्या पर्समध्ये होती, बुधवारी निघायचं होतं. अकराच्या सुमारास चाकूरचा आमचा वार्ताहर बालाजी यानं एक फोटो पाठवला. तालुक्यातल्या एका गावचा महेश नावाचा पोरगा गोदामावर रखवालीची नोकरी म्हणून एजंटामार्फत परदेशात गेला होता. तिथे त्याच्या हातात बंदूक दिली गेली. तिथल्याच कुणा सोबत्यानं हा फोटो गावातल्या पोरांना पाठवला होता. चिखलात पडलेला पोरगा. चेहऱ्याची उजवी बाजू जशीच्या तशी. डावी बाजू उरली नव्हती. मी उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ समोरच्या बसचे नंबर वाचत राहिले.

बालाजीनं आणखी एक सांगितलं होतं. त्याच गावातली दोन पोरं येत्या शुक्रवारी हैदराबादहून त्याच एजंटामार्फत, त्याच नोकरीला जाणार होती. त्यातला एक महेशचा सख्खा चुलतभाऊ, ओंकार.

फोटो नांदेडलाही गेला होता, संपादकसाहेबांचा फोन लगेच आला. अप्पांनी स्पीकरवर टाकला.

“अप्पा, पहिलं पान, चार कॉलम, रंगीत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर जाईल, पण छापून पहिला आपल्याकडेच यायला हवा.”

“घरी कळलंय का?”

“अप्पा, पोरांना फसवून युद्धावर नेतायत. याहून मोठी बातमी कोणती?”

“बातमी द्या की. फोटो घरी कळल्याबिगर न्हाई.” आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी त्या फोटोची काळी-पांढरी प्रत काढली, पाकिटात घातली आणि पाकीट शर्टाच्या आत ठेवलं. “चला मालक. बाई सोबत असलेलं बरं.” आम्ही मोटारसायकलवर लातूरहून चाकूर आणि पुढे गावाकडे निघालो. मागे बसून मी घड्याळ बघत होते. पान आठला छपाईला सोडायचं होतं.

महेशची आई गंगाबाई ओसरीवर सुपात डाळ निवडत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दिराच्या शेजारीच घर. पेपरवाले आलेले बघून दीर मन्मथप्पा, ओंकारचा बाप, लगबगीनं आला. अप्पांनी अंगणातच चपला काढल्या. मला कळलं, आता हे बसणार नाहीत.

“बसा की,” गंगाबाई म्हणाली.

“उभाच बरा हाय, माय.”

मन्मथप्पानं आम्हाला बोलूच दिलं नाही. “तुमी त्या फोटोपायी आलाव न्हवं? खोटा हाय त्यो. म्या सकाळीच एजंटाला फोन लावला. महेश रजेवर हाय म्हनला. आजकाल मोबाईलमंदी कुनाचंबी तोंड कुनालाबी बसवतेत.”

सुपातला हात थांबला. “कोनता फोटो?”

मन्मथप्पाला आपण काय करून बसलो ते तेव्हा उमगलं. सकाळपासून त्यानं ते तिच्यापासून लपवलं होतं.

“दाखवा,” ती अप्पांना म्हणाली.

“नगं वहिनी.”

“माय, नका बघू,” अप्पा म्हणाले. त्यांचा हात शर्टावरून, पाकिटावर घट्ट होता. “म्या सांगतो तुमाला.”

“तुमी पाहिलाव?”

“हाव.”

“ह्या पोरीनं पाहिला?” मी मान हलवली. तिनं दिराकडे बघितलं. “गावानंबी पाहिला असंल. मंग आईनंच कामून न्हाई बघायचा?”

तीस वर्षं ‘घरी कळलंय का’ विचारणारा माणूस घराच्या दारात उभा होता आणि त्याला पाकीट काढवत नव्हतं. शेवटी काढलं. मी फोटोकडे न बघता तिच्या हातांकडे बघत राहिले.

ती रडली नाही. तिनं तळहातानं फोटोची डावी बाजू झाकली आणि उजवीकडे बघितलं. मग हात काढून सगळं बघितलं. अंगठ्यानं गळ्यापाशी चाचपलं. “महेशच हाय. गळ्यातल्या लिंगाचा दोरा म्याच बांधलेला हाय.”

मन्मथप्पा भिंतीला टेकला. तरी म्हणाला, “वहिनी, दोरा काय, कुनाचाबी आसतोय.”

अप्पा हळू आवाजात म्हणाले, “माय, तुमी नगं म्हनलाव तर छापत न्हाई. छापायचाच तर एवढाच छापतो.” आणि त्यांनी आपल्या हातानं, तिनं झाकली तशीच, डावी बाजू झाकून दाखवली.

ती बघत राहिली. “अर्धा झाकला की झोपल्यावानी दिसतंय. एजंट म्हनंल, झोपलाय.” मग दिराकडे बोट केलं. “सुक्करवारी ओंकारला धाडायलाव न्हवं तुमी? मोबाईलमधलं खोटं म्हनताव. पेपरातलं तर खरं मानताव की. छापा, सायेब. सगळं छापा. मला काय लेकरू बसवायला मिळनार हाय का? मिळालं असतं तर गावानं तोंड बघितलंच असतं की.”

अप्पा उभेच होते. आम्ही निघालो तेव्हा तिनं मागून हाक मारली.

“ह्यो चांगला कागद माज्यापाशी ठिवा. पेपर काय, उद्या फाटतोय.”

मी अप्पांकडे बघितलं. तसा चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतर पाहायची वेळ आली नाही. त्यांनी पाकीटही तिच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी. चपला घालताना त्यांना पट्टा सापडेना. चाकूरच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बाभळीखाली नुसते उभे राहिले. “म्या त्या बापाचं अर्धंच ऐकलं, मालक,” म्हणाले. “इतकी वर्सं अर्ध्यावर काम करत राहिलो.”

सहाला ऑफिसात पोचलो तर नांदेडचं वारं फिरलेलं. मालकांनी फोटो बघितला होता. “लोक सकाळी चहा पिताना पेपर उघडतात, अप्पा,” संपादकसाहेब म्हणाले. “आणि सकाळी तुम्हीच नाही म्हणत होता.”

“सकाळी घरी कळलं नव्हतं.”

“जबाबदारी कोण घेणार?”

“माझं नाव घाला खाली.” मग त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. पहिल्या पानावर नको, रंगीत नको. तिसऱ्या पानावर दोन कॉलम, काळा-पांढरा, पूर्ण. शेजारची साडी सेंटरची जाहिरात उठवायची. पहिल्या पानावर चौकट : आत युद्धात मेलेल्या मुलाचा फोटो आहे, लेकरांसमोर पान उघडू नका. नाहीतर हा माझा राजीनामा. घड्याळात साडेसात झाले होते. मग साहेब म्हणाले, “जाहिरात उठवतो. बाकी तुम्ही बघा.”

फोटोखालच्या ओळी त्यांनी मला सांगितल्या. मी टाईप करायला बसले आणि बाजूला बघितलं तर ते चपला काढून उभे होते. “महेश, तालुका चाकूर. परदेशात रखवालीच्या नोकरीला म्हणून गेला, युद्धात मारला गेला. हा फोटो त्याच्या आईनं पाहिला आहे. तिच्या सांगण्यावरून पूर्ण छापत आहोत. – शिवमूर्ती बिदरे.” माझ्या हातून दोनदा नाव चुकलं.

मंगळवारी दिवसभर फोन थांबले नाहीत. कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं आमची पोरगी जेवली नाही. अहमदपूरहून माझ्या आईनं सांगितलं की तिनं ते पान गादीखाली सरकवलं. अप्पांनी प्रत्येक फोन स्वतः घेतला आणि प्रत्येकाला म्हणाले, “खरंय तुमचं.” एकजण म्हणाला, मग चूक झाली म्हणा. “ते मला ठाव न्हाई,” अप्पा म्हणाले. मलाही ठाऊक नव्हतं, आजही नाही. चारच्या सुमारास मन्मथप्पा स्वतः आला. हातात आमचा पेपर, घडी घातलेला. ओंकार जाणार नाही, एवढं सांगितलं, पाणी प्यायला आणि गेला. दुसरा पोरगा मात्र शुक्रवारी गेलाच. त्याच्या घरचे म्हणाले, पेपरवाल्यांचं तरी काय खरं. त्याचं पुढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

बुधवारी सकाळी मी नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसले होते. अप्पांचा निरोप आदल्या संध्याकाळीच घेतला होता. ते म्हणाले होते, “नांदेडला गेलाव तरी इचारत जावा, मालक.” काय विचारायचं ते सांगायची गरज नव्हती. गाडी सुटायला वेळ होता. साडेदहा वाजले आणि फाटकाकडून अप्पा येताना दिसले. खांद्यावर ऑफिसातल्या जुन्या अंकांचा गठ्ठा होता, हातात रिकामी पिशवी.

ते शेखचाचांच्या गाड्यापाशी थांबले. खिडकीतून मला ऐकू येत होतं.

“चाचा, कालचा पेपर हाय का?”

“हाय की, अप्पा. किती पाहिजे?”

“समदा द्या. त्येच्या बदली हे घ्या.”

चाचांनी काही न विचारता आपला ढीग पुढे केला. अप्पा एकेक अंक उघडत, तिसरं पान काढून घडी घालून पिशवीत ठेवत. मग शेजारचा वड्याचा गाडा, मग चिवड्याचा, मग फाटकाबाहेरचा. मी उतरून मदतीला जावं असं वाटलं. कंडक्टरनं घंटी मारली, पण पुढची बस अजून हलली नव्हती.

चाचांच्या गाड्यापाशी एक म्हातारा उभा राहून भजी खात होता, आणि त्याच्या हातातला कागद म्हणजे कालचं तिसरं पान होतं. अप्पा परत येऊन त्याच्यासमोर थांबले. म्हातारा सावकाश खात होता, शेवटचं भजं, मग मिरची. संपल्यावर अप्पांनी हात पुढे केला. हा माणूस कागद कचऱ्यात टाकणार असं समजून म्हाताऱ्यानं तो देऊन टाकला. अप्पांनी चपला काढल्या. खिशातला रुमाल काढून ते कागद पुसू लागले, वरून खाली, मग पुन्हा वरून खाली. मग दोन्ही हातांनी उन्हात धरून बघितला. गाडी फाटकातून वळली. तेल चेहऱ्यापर्यंत पोचलं होतं की नाही, ते मला खिडकीतून दिसलं नाही.